भिंगातला डाग

माणसांपेक्षा भिंगांना जास्त जपणारा माणूस बघायचा असेल, तर कामशेतच्या बाजारात तांदळाच्या दुकानांमागे आमचे दुर्बीणवाले भाऊ दुर्बिणी दुरुस्त करत बसतात, त्यांच्याकडे जावं. मी लोणावळ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, तीही भौतिकशास्त्रात, आणि हे मी चारचौघांत सांगतो. भाऊंपुढे मात्र ते चालत नाही. पहिल्यांदा मायक्रोस्कोप घेऊन गेलो आणि ऐटीत प्रकाशाचे नियम सांगायला लागलो, तर म्हणाले, "नियम ऱ्हाऊ द्या. आदी हात धुवून या."

हात धुतल्याशिवाय त्यांच्या टेबलाजवळ फिरकायचं नाही आणि भिंगासमोर बोलायचं नाही. तोंडाची वाफ लागते. म्हणून पॉइंटावर पर्यटकांना दुर्बिणीतून किल्ले दाखवणारे असोत की जमीन मोजणारे, सगळे आपली तक्रार दाराकडे तोंड करून सांगतात. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत भांडण झालंय. मावळच्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते, म्हणून ओल शोषली जावी यासाठी सुटी भिंगं ते घरच्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतात. एकदा दुकानात डब्यातला भात खाताना त्यांच्या दाताखाली काहीतरी लागलं. ते त्यांनी पुसलं, उजेडात धरलं आणि निराश होऊन म्हणाले, "न्हाई, खडाच हाय."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दिवसभर लोकांना लांबचं जवळ करून द्यायचं आणि संध्याकाळी कुलूप लावून एकट्यानं घरी जायचं.

गेल्या दिवाळीनंतर मी एक मायक्रोस्कोप दिला होता. भाऊंनी उघडला, पुसला, जोडला, डोळा लावला. "बुरशी जाईना." परत उघडला. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी मी स्वतः बघितलं. काच लख्ख होती. मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, "भाऊ, भिंग साफ आहे. डाग तुमच्या डोळ्यात आहे."

त्यांनी एक दुर्बीण उचलून डोळ्याला लावली, मग दुसरी. मग दोन्ही हळूच खाली ठेवल्या.

मोतीबिंदू निघाला. डोळ्यात भिंग बसवायचं म्हटल्यावर भाऊ अडून बसले. "त्यो डाक्टर कुटं शिकला भिंग बसवायला? हात तरी धुतो का?"

"नाही केलं तर दुकान बंद होईल, भाऊ."

बराच वेळ ते एकच स्क्रू पुसत राहिले. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "सोबत घरचं मानूस आना म्हनत्यात."

मी गेलो. दवाखान्यात अर्ज भरताना विचारलं, "नातं काय लिहू?"

"गिऱ्हाईक लिवा. खोटं कशाला?"

नर्सबाई म्हणाल्या, "असं चालत नाही हो." मी खोडलं आणि दुसरं लिहिलं. डोळ्यात औषध घातल्यामुळे भाऊंना वाचता येईना.

"काय लिवलंत?"

"पुतण्या."

ऑपरेशन नीट झालं, एका डोळ्यावर पट्टी आली. घरी सोडून मी निघालो, तर त्यांनी दारात हात धरला. "जेवून जावा. पुतण्या उपाशी गेला तर लोक काय म्हनतील?"

कोणते लोक, हे मी विचारलं नाही. सकाळचं पिठलं मी गरम केलं. घरात ताट एकच निघालं. ते त्यांनी माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः पातेल्यातच भाकरी कुस्करून जेवले, उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघत.