माणूस पाठवा

आमच्या ह्यांना सगळे दातवाले म्हणतात. दात काढणारे नव्हेत, करणारे. दवाखान्यांतून पेशंटच्या जबड्यांची मापं डब्यांतून येतात, हे त्यात प्लास्टर ओतून साचा काढतात, त्यावर कवळी तयार करतात आणि डबा परत पाठवतात. बावीस वर्षं हेच. कितीतरी लोक ह्यांच्या दातांनी जेवतात, पण डॉक्टरच्या खुर्चीत स्वतः बसायचं म्हटलं की ह्यांना हटकून दुसरं काम निघतं.

त्यावर ह्यांचा तोडगा म्हणजे च्युइंगगम. बिनसाखरेचं. जेवण झालं की वीस मिनिटं चघळायचं. लाळ सुटते, दात धुऊन निघतात, हे मला शंभरदा ऐकवून झालंय. खोटं नाही ते. पण धुणं वेगळं आणि दुरुस्ती वेगळी, हे ज्याला कळायला हवं त्यालाच कळेना. दाढ ठणकली की एकाच्या जागी दोन गम. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण.

एका सकाळी मी त्यांच्या कामाच्या खोलीत फळ्या पुसत होते. प्रत्येक साच्यावर डॉक्टरांचं नाव आणि नंबर असतो. एकावर काहीच नव्हतं. उचलला आणि ओळखला. खालचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, सत्तावीस वर्षं बघतेय मी ते. आणि उजवीकडे, शेवटच्या दाढेपाशी, हिरडीला बोराएवढा फुगवटा.

असा फुगवटा मी आधी एकदा पाहिला होता. चार वर्षांपूर्वी एका पेशंटच्या साच्यावर होता. कवळी निम्मी झाली असताना दवाखान्यातून निरोप आला, आता नको. पेशंटच राहिला नव्हता. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

साच्याखाली चिठ्ठी होती. वर ह्यांचं अक्षर : 'पुरुष, वय त्रेपन्न. काय वाटतं?' खाली, ज्यांच्या कवळ्या हे करतात त्या एका डॉक्टरीणबाईंचं : 'प्लास्टरवरून काही सांगता येणार नाही. माणूस पाठवा.' तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

म्हणजे ह्या गृहस्थांनी स्वतःचं तोंड डब्यात घालून पाठवलं होतं आणि आपण इथे बसून गम चघळत होते. काय म्हणावं ह्याला? मला इतका संताप आला, आणि आला ते बरंच झालं. नाहीतर मी तिथेच रडत बसले असते.

चिठ्ठी ह्यांच्या नाकासमोर धरली. "हा माणूस कधी पाठवायचा?"

ह्यांचा जबडा चघळायचा थांबला. "पुढच्या आठवड्यात बघू."

"चपला घाला."

थेट बाईंचा दवाखाना गाठला. त्यांची आणि ह्यांची वीस वर्षं फोनवरची ओळख. "अखेर आलात," त्या म्हणाल्या. "आधी तोंडातलं थुंका." हे थुंकेनात. गम आहे तोवर तोंड उघडायला नको, एवढंच डोक्यात असणार. शेवटी मी लहान मुलापुढे धरतात तसा हात पुढे केला. तेव्हा थुंकले.

बाईंनी दाबून पाहिलं, एक्स-रे काढला. "दाढ कुजलीय, ती काढते. पण गाठ नुसती तिच्यामुळेच आहे का, हे मी बघून सांगणार नाही. तुकडा तपासायला पाठवते. आठ दिवस लागतील. कधीपासून आहे ही?"

दोन महिने, असं मी म्हणणार होते.

"वर्ष झालं," हे म्हणाले.

ह्या वर्षात ह्यांनी घराला रंग दिला होता. भाचीच्या लग्नात नाचले होते. मला नवा चष्मा करून आणला होता. आणि मला पत्ता नव्हता.

पुढचे आठ दिवस मी फोन वाजला तरी दचकायचे. आमटीत दोनदा मीठ पडलं, ह्यांनी मुकाट्याने खाल्लं. समोर बसून हसायचं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायचं, असं माझं चाललं होतं. देवा, ह्यांना ठेव, एवढंच मनात.

रिपोर्ट आला. ह्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. "तू वाच."

वाचलं. कॅन्सर नव्हता. कुजलेल्या दाढेच्या मुळाशी धरलेली जुनी गाठ होती.

"परत वाच."

तीनदा वाचून दाखवलं. मग मी ह्यांच्या खांद्यावर एक ठेवून दिली आणि रडले. "वर्षभर शेजारी झोपत होतात. एका शब्दाने सांगवलं नाही?"

"रोज ठरवायचो, आज सांगू. पण तू इतकी गाढ झोपलेली असायचीस. वाटायचं, दोघांतल्या एकाला तरी झोप लागतेय ना."

मी तर आठच रात्री जागले होते.