शोकसभेतले दोन शब्द

तुम्ही फोनवर विचारता ना, ते पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा कसे आहेत? ते पूर्वी आमदार होते, मग हरत गेले. तरी लाखनीत सगळे त्यांना साहेबच म्हणतात. कुणी गेलं की साहेब घाटावर हजर. आपल्याकडे सरण पेटल्यावर तिथेच शोकसभा होते, आणि दोन शब्द बोलायचं काम त्यांचंच असतं. परतताना मला विचारतात, "बाई, नातवंडं कधी येऊन राहिले?"

मागच्या महिन्यात त्यांची पत्नी गेली. मीही घाटावर होते. आताचे आमदार येऊन बोलतील म्हणून साहेब सारखे रस्त्याकडे पाहत होते. सरण पेटलं तरी कुणी आलं नाही.

"साहेब, आता कोण बोलन?" शेजाऱ्याने विचारलं.

"थांब ना गा, येऊन राहिले असतीन."

"आले असते तं गाड्यांचा धुराळा दिसला असता," मागून कुणीतरी पुटपुटलं.

शेवटी साहेबच मुलाशेजारून उठले. सदरा नीट केला. "ताई सगळ्यांच्या अडचणीत धावून जायच्या," ते म्हणाले, "मी त्यांच्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे."

कुणी मान वर केली नाही. दोन मिनिटांचं मौन झालं. मग नेहमीच्या सवयीने ते नातेवाइकांच्या रांगेसमोरून एकेकाला हात जोडत निघाले. मुलाशेजारी एक जागा मोकळी होती. त्या जागेसमोर आल्यावर ते थांबले, हात जोडलेलेच.