मामाने दिलेली बंदूक

हवालदारमामासमोर कुणाला साधी काठीसुद्धा आडवी धरून उभं राहता यायचं नाही. छत्री असो, कोयती असो, नाहीतर बोलण्याच्या भरात रोखलेलं बोट असो, मामा दोन बोटांनी त्याचं टोक हळूच जमिनीकडे वळवायचा आणि मगच पुढचं ऐकायचा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या माझ्या आजोळच्या वाडीत या सवयीची पुष्कळ थट्टा व्हायची. मामाला त्याचं काही वाटत नसे.

फौजेतली त्याची शेवटची वर्षं चांदमारीवर गेली. नव्या जवानांना नेमबाजी शिकवायची, गोळीबाराआधी लाल झेंडा चढवायचा, संपल्यावर उतरवायचा. "झेंडा उतरला म्हंजे झालं असं नाय," तो सांगायचा. "माणसं मोजून पुरी भरली, म्हंजे झालं." ही मोजण्याची सवय तो घरी घेऊन आला. जीपमध्ये बसताना, ओढा ओलांडून झाल्यावर त्याचे ओठ हलायचे. तळीयेला दरड कोसळली त्या पावसाळ्यात तर तो रोज संध्याकाळी वाडीतल्या घराघरांत डोकावून माणसं मोजायचा.

एकदाच त्याने मला चांदमारीवरची एक हकीकत सांगितली. एका जवानाला काहीतरी विचारायचं होतं, म्हणून तो रायफल हातात घेऊनच वळला. "रिकामी हाय उस्ताद," असं तो म्हणाला, आणि त्याच क्षणी शेजारचा पोरगा खाली बसला. तो पुन्हा उठला नाही. "तवापासून रिकामी बंदूक मी बघितली नाय रे सुन्या," मामा म्हणाला, आणि तंबाखू मळत राहिला.

मुंबईला जायचं म्हणून एकदा आम्ही वीर स्टेशनवर गेलो. गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार होती. लोक गोणी डोक्यावर घेऊन रुळांतून पलीकडे जात होते. मामीनेही पाऊल टाकलं, तर मामाने तिचा दंड धरला. त्याचे गुडघे दुखत होते, तरी तो आम्हाला पुलावरूनच घेऊन गेला. शेवटच्या पायऱ्या उतरेपर्यंत गाडी हलली. मामी दोन तास त्याच्याशी बोलली नाही. मामाने तिच्यासमोर भाकरीचं फडकं सोडलं आणि तो म्हणाला, "गाडी दुसरी येल गो. दुसरी तू कुठनं आणू?"

घरात शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. बंदूक माजघरात, दारू माळ्यावर आणि छरे कणगीमागच्या डब्यात, अशा तीन वस्तू तो तीन ठिकाणी ठेवायचा. भातात डुकरं शिरली की आकाशाकडे नळी करून नुसत्या दारूचा बार काढायचा. मी बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात लागलो, तिशीला आलो, तरी मला त्याने बंदुकीला हात लावू दिला नव्हता.

भात कापणीला आलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी सुट्टीला वाडीत गेलो, तर मामा तापाने फणफणला होता. डुकरांनी दोन खाचरं पार झोपवली होती. सकाळी उजाडताना पुन्हा हाकाटी झाली. मामा उठायला गेला आणि तोल जाऊन बसला. मग त्याने अंथरुणावरच बसून बंदुकीत दारू ठासली आणि माझ्याकडे दिली. "वर करून बार काढ आन् परत ये. जनावर दिसलं तरी तिकडं नळी फिरवायची नाय."

मी हो म्हणालो. बाहेर पडताना कणगीमागून मूठभर छरे घेतले आणि पडवीत उभं राहून ते वरून ठासले. एक डुक्कर पडलं की बाकीची परत येणार नाहीत, असं मी नंतर पोलिसांना सांगितलं. खरं म्हणजे खोलीवरच्या मित्रांना फोटो दाखवायचा होता.

बांधावर धुकं होतं. करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. मी नळी फिरवली.

ती शेजारची शेवंताआत्या होती. डुकरांना भिववायला ती जाळीशी वाकून पत्र्याचा डबा बांधत होती. छरे मांडीत गेले, आणि एक डाव्या डोळ्यात.

तिला जीपमध्ये घालून महाडला नेलं, तिथून मुंबईला. जीप गेल्यावर मामाच्या पडवीत वाडीतली चार मोठी माणसं जमली. एकजण म्हणाला, "खालनं कोणी शिकारी आले हुते, असं सांगू. पोराची नोकरी जाईल." कुणीच नाही म्हणालं नाही. मीही नाही. मला ते हवंच होतं.

मामा घोंगडी पांघरून भिंतीला टेकला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"छरे तू घातलेस?"

"हो."

"आन् बंदूक मी दिली," तो म्हणाला. "चल."

तशा तापात तो माझ्याबरोबर पोलादपूरच्या ठाण्यात आला. आधी स्वतःचं सांगितलं, मग मला सांगायला लावलं. परवाना रद्द झाला, बंदूक जमा झाली. मला अटक झाली, पुढे जामीन मिळाला. खटला अजून चालू आहे. वाडीने मामाशी बोलणं टाकलं. स्वतःच्या भाच्याला अडकवलं, असं लोक म्हणायचे. माझी आईसुद्धा भाऊबीजेला गेली नाही.

शेवंताआत्या परतली. त्या वर्षापासून तिचं भात मामाच कापू लागला. पहिल्या वर्षी तिने बांधावरून ओरडून त्याला हाकललं. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या वर्षी तिने तांब्याभर पाणी बांधावर आणून ठेवलं, असं मामीने मला फोनवर सांगितलं. मी वाडीत जातच नव्हतो. मामा खाली बिरवाडीला येऊन मला भेटायचा. चहा पिताना प्रत्येक वेळी म्हणायचा, "शेवंताकडं जाऊन ये एकदा." मी पुढच्या सुट्टीला जातो म्हणायचो.

गेल्या माघात मामा गेला. दहाव्यानंतर मी शेवंताआत्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती ओटीवर कुळीथ निवडत होती. मी पाया पडलो आणि तिच्या डाव्या अंगाला बसलो.

तिने सूप खाली ठेवलं. मान पूर्ण वळवून मला शोधलं.

"इकडं येऊन बस रे," ती म्हणाली. "तिकडचं मला दिसत नाय."