शंभरात पंधरा

"खरं सांगू, का बरं वाटंल असं सांगू?"

चष्मा कपाळावर चढवून सर हे विचारायचे. समोरचा हमखास "खरंच सांगा" म्हणायचा आणि पस्तावायचा. सरांनी पुण्याच्या एका कॉलेजात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, एमबीएच्या मुलाखती घेतल्या आणि निवृत्तीनंतर ते जळकोटला शेतात राहायला आले. आसपासची पोरं त्यांच्याकडे मार्कलिस्ट घेऊन यायची, पत्रिका दाखवायला यावं तशी. असा एखादा जाणकार तुमच्याही गावात असेल. पण आमचे सर कुणालाच चांगला योग सांगत नसत.

मी सिव्हिल इंजिनिअर. हायवेच्या कामावर काँक्रीट तपासायची नोकरी. दोन वर्षं धूळ खाल्ल्यावर मला एका नावाजलेल्या मॅनेजमेंट कॉलेजात जायचं होतं. प्रवेश परीक्षेत बरे मार्क पडले, मुलाखतीचं बोलावणं आलं आणि मी पेढे घेऊन सरांकडे गेले.

त्यांनी पेढा खाल्ला, कागद उलटेपालटे केले. "शंभरात पंधरा."

"एवढेच?"

"बारावीचं गणित काठावर. त्यात तुझ्यासारखे इंजिनिअर तिथं पोत्यानं येतेत. साइटवर उन्हात राबलीस, त्याचे पाच धरूनच सांगतोय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसे सर गडबडले. शेंगांचं टोपलं माझ्यापुढं सरकवत म्हणाले, "अगं, पंधरा म्हणजे न्हाय न्हवं. पाणाड्यानं माझ्या विहिरीला शंभर टक्के पाणी सांगितलं हुतं. अजून खडकच निघतोय."

मग दर रविवारी गोठ्याशेजारी सराव सुरू झाला. त्यासाठी सर लेंग्यावर जुना कोट चढवायचे. कोट अंगात गेला की मी 'अगं'ची 'मॅडम' व्हायचे. मागं म्हैस हंबरली तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

"मॅडम, कामावरचा एखादा कठीण निर्णय सांगा."

मी ऐटीत सांगितलं, पातळ काँक्रीटची एक गाडी मी परत पाठवली होती.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

दुसऱ्या दिवशी तसलीच गाडी आली होती. साहेब फोनवर ओरडले होते आणि मी सही केली होती. हे मी घरीसुद्धा बोलले नव्हते. त्या दिवशी सरांना सांगून टाकलं.

सरांनी कोट काढला. "कुठं ओतली ती गाडी? पुलात?"

"न्हाय सर. गटाराच्या भिंतीत."

त्यांनी सुस्कारा सोडला.

"तिथं विचारलं तर काय सांगू?"

"झालं ते सांग. साहेबावर ढकलून मोकळी होऊ नको."

"मग आता शंभरात किती?"

"आता मला मोजता येत न्हाय, पोरी."

मुलाखतीत नेमका तोच प्रश्न आला. मी सगळं सांगितलं. माझी निवड झाली नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सर पहिल्यांदाच आमच्या घरी आले. ओट्यावर बसले. चहाला हात न लावता माझ्या वडिलांना म्हणाले, "अण्णा, माझं चुकलं. मीच तिला बोलायला लावलं."

अण्णांनी कपबशी उचलून त्यांच्या हातात दिली. "सर, पोरगी परवा साहेबाला तोंडावर सांगून आलीय, तसल्या मालावर आता सही करणार न्हाय म्हणून. तुम्ही च्या घ्या."

सरांनी चहा घेतला.

मी पुन्हा अर्ज केला. त्याच दिवाळीत सरांना अर्धांगाचा झटका आला आणि मुलीनं त्यांना हैदराबादला नेलं. पुढं उन्हाळ्यात यादीत माझं नाव लागलं, तेव्हा पहिला फोन मी तिकडं केला. त्यांना बोलता येत नव्हतं. मुलीनं फोन त्यांच्या कानाला लावला. मी सांगितलं, पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

तासाभरानं तिनं एका कागदाचा फोटो पाठवला. डाव्या हातानं काढलेली वाकडीतिकडी अक्षरं होती: 'शाब्बास. गणित कच्चं आहे. पहिल्या सहामाहीत त्रास होईल.'

त्रास झालाच. पण हे कळवायला तोवर सर राहिले नव्हते.