काकांची जागा रस्त्यावर येते

आमच्या काकांइतका नकाशावर विश्वास ठेवणारा आणि रस्ता चुकणारा माणूस हुबळी-धारवाडात दुसरा झाला नसेल. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नाईल नदी फळ्यावर डोळे मिटून काढत, पण भाजी आणायला म्हणून निघाले की हमखास स्टेशनावर पोचत. वर आम्हालाच झापत, "मी बरोबर आलोय, बाजार हलवलाय लेकांनी!" जेवताना आमटीचा अरबी समुद्र करून भाताचा सह्याद्री रचत आणि मावशी भाजी वाढायला आली की ओरडत, "तिथं नको, तिथं कारवार आहे!"

मावशीचा तीस वर्षांचा संसार दाजीबानपेठेत, कापडदुकानाच्या माडीवर भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. एक स्वतःचं घर असावं, एवढंच तिचं मागणं. म्हणून नव्वदच्या सुमारास काकांनी अमरगोळच्या पुढे चार गुंठे घेतले. बांधकामाचा परवाना मागायला गेले तेव्हा कळलं, कुणी खाजगी कंपनी हुबळी ते बेळगाव टोलचा भला रुंद रस्ता करणार आणि शेजारी टाऊनशिप वसवणार. कारकून कानडीत म्हणाला, "निम्म जागा रस्ते म्याल बर्तदरी." काकांनी घरी येऊन भाषांतर केलं, "अगं, आपली जागा रस्त्यावर आली!" रस्त्याला लागून प्लॉट म्हणजे चैनच की! पेठभर पेढे वाटले. मावशीनं डोळ्यांना पदर लावला, "अहो, या वयात रस्त्यावर आलो आपण?" खालचे दुकानदार अण्णा तोंडात पेढा धरूनच म्हणाले, "सर, जागेला लागून नव्हे हो, जागेवरूनच रस्ता जात असेल!" आता पेढा गिळावा की नाही, ते अण्णांनाही कळेना.

काका पुन्हा कचेरीत. "रस्ता कडेनं की वरून, एवढंच सांगा." कारकून म्हणाला, "दोन्ही होऊ शकतं, सर." पुढं बारा-तेरा वर्षं हेच. दरवेळी नवा नकाशा. एकात प्लॉटवर टोलनाका, दुसऱ्यात टाऊनशिपचं तळं. तळ्यावर काका खूष. "आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात दारात तळं! वाईट काय?" "दारात नव्हे, घरातच आहे ते," मी म्हटलं, तर मलाच भूगोलात नापास केलं. रस्ता आला नाही, परवानाही मिळाला नाही. तो रस्ता रद्द झाला, लांबला की काकांसारखा चुकला, मला आजतागायत कळलेलं नाही.

मावशीचे गुडघे गेले त्या वर्षी एका रविवारी काकांनी आम्हा दोघांना रिक्षात घालून अमरगोळला नेलं. रिक्षा दोनदा चुकली, हे सांगायला नकोच. मैदानावर रेघा मारायची पांढरी फक्की त्यांनी शाळेतून मागून आणली होती. वाकून वाकून त्यांनी प्लॉटवर अख्खं घर आखलं. मी सरळ आत शिरलो तर खेकसले, "अरे, भिंतीतून काय येतोस! दार तिकडं!" मी निमूट वळसा घालून आलो आणि आतल्या एका चौकोनात उभा राहिलो. मावशी काठी टेकत आली ती त्या चौकोनापाशी थांबली. "हे काय हो?"

"तुझं स्वयंपाकघर," काका म्हणाले.

मावशीनं रेघेबाहेर चपला काढल्या आणि अनवाणी आत आली. मी खाली पाहिलं तर माझ्या पायांत चपला. मुकाट्यानं बाहेर गेलो आणि मावशीच्या चपलांशेजारी काढून ठेवल्या.