ओसरीवरची घोडनदी

मासा चवीला कसा लागतो, हे आमच्या घराण्यात कुणालाच ठाऊक नाही. मारवाडातून आजोबा आले, घोडेगावात हिरड्याचं दुकान मांडलं, पुढच्या पिढ्यांची जीभ मराठी झाली. पण आम्ही जैन, ताटात कांदासुद्धा कधी आला नाही, मग मासा कुठला? असं असूनही माझ्या तरुणपणी बाजाराच्या दिवशी लोक आमच्या ओसरीवर यायचे ते मासे बघायला. हिरडा माझा धंदा होता, पण हिरड्याबद्दल मी उभ्या आयुष्यात जेवढा बोललो नसेन तेवढा त्या माशांबद्दल बोललो आहे. बोलताना छाती जरा पुढे यायची. अजूनही येते. त्यासाठी किती वेळा तोंडघशी पडलो, ते आता सांगून टाकतो.

बापूजींचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक नियम होता. सकाळी घोडनदीवर जायचं, कणकेच्या बारीक गोळ्या माशांना घालायच्या आणि मगच स्वतः तोंडात घास घ्यायचा. घाटाच्या पायरीवर ते बसले की मासे आपोआप गोळा व्हायचे. एका वैशाखात त्याच पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि खुब्याला मार बसला. वैद्यांनी चालणं बंद केलं. मी म्हणालो, "बापूजी, तुमच्या नावानं मी घालून येतो."

"जेव तूच मग माझ्या नावानं," ते म्हणाले.

झालं. रोज बैलगाडीत गादी घालून त्यांना नदीवर न्यायचं. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा ओठ दाताखाली जायचा. परत येईपर्यंत दुपार व्हायची आणि वेदनेनं दमलेल्या माणसाला मग जेवण जायचं नाही. दोन घास खाऊन ते आडवे व्हायचे. महिन्याभरात अंगरखा त्यांच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. पावसाळ्यात गाडीवाट चिखलात बुडाली म्हणजे काय होणार, हे मला दिसत होतं. नियम मोडेल असा तो माणूस नव्हता. मोडणार ते स्वतःच होते.

मुंबईला एका दलालाच्या दिवाणखान्यात मी काचेची पेटी पाहिली होती. आत पाणी, हिरवी रोपं आणि लाल मासे. ती आठवली आणि मी जाहीर केलं, की नदीच घरी आणतो.

बापूजींनी माझ्याकडे पाहिलं. "जीव कोंडणार?"

"सांभाळणार."

"बरं. पण आपल्यामुळे त्यात एक जरी जीव गेला, तर त्याच दिवशी सगळे नदीत सोडायचे. आणि मी परत गाडीत."

मी लगेच हो म्हणालो. काही ठाऊक नसलं की हो म्हणणं फार सोपं जातं.

पेटी जुन्नरला करवून घेतली. पत्र्याचं काम करणारे एक चाचा होते. त्यांनी लोखंडी चौकटीत काचा बसवल्या, सांधे जवसाच्या तेलात कालवलेल्या खडूनं बुजवले. काम चालू असताना सारखे हसत होते. "शेट, कंदिलाला काच लावली, ताबुताला लावली. मच्छीला बंगला पहिल्यांदाच बांधतोय. खाणार नाय, नुसती बघणार?"

"नुसती बघणार."

"मग शौकीन हायेत तुमी, लई मोठे शौकीन!" त्यांनी बजावून सांगितलं, की चार दिवस पाणी भरून ठेवा, ते फेका, पुन्हा भरा. परतीच्या वाटेवर गोधडीत गुंडाळलेल्या पेटीला मी दोन्ही हातांनी कवटाळून बसलो होतो. वाटेत भेटलेल्या एकानं विचारलं, "राव, नवरी हाय का काय आत?"

पहिला प्रश्न झाडांचा. आमच्यात शेवाळ म्हणजे एकेका कणात अनंत जीव. त्याला उगाच हात लावायचा नाही. उभं रोप मुळासकट उपटायचं, तर बापूजींच्या समोर कुणाची टाप? मी गप्प विचार करत नदीवर हिंडलो. शिनोलीच्या अंगाला एक म्हातारा भोई डोहात जाळं टाकायचा. जाळ्याबरोबर पाणवनस्पतींचे गुंतेच्या गुंते वर यायचे. ते सोडवून तो काठावर फेकायचा आणि उन्हात ते वाळून जायचे. मला एकदम सुचलं. फेकलेल्याला पाणी द्यायला कोण हरकत घेईल? बापूजींना विचारलं तर त्यांनी मान डोलावली. "मरणारं वाचवतोस, तर आण."

मी भोयाच्या कचऱ्यात बसून निवड सुरू केली. तो बघत राहिला. "शेट, काय हारवलं का?"

"झाडं निवडतोय."

"ह्यातनं? म्हशी बी तोंड लावत न्हाईत त्याला!"

पण मला माल निवडायची सवय होती. हिरडा मी हातात घेऊन, वाजवून, फोडून घ्यायचो, तसंच हे. दोन प्रकार पसंत केले. एकाची पानं लांबच लांब, फितीसारखी, पाण्यात सोडली की प्रवाह नसतानाही डुलणारी. दुसरं दोऱ्यासारखं, ज्याच्या दांडीभोवती बारीक पानांची कडी मागून कडी. मुळाशी पांढरी, कोवळी मुळं असतील तेवढंच उचललं, पिवळं आणि लिबलिबीत सोडून दिलं. ही निवड मात्र माझी स्वतःची. ती लक्षात ठेवा, कारण पुढे अभिमान वाटावा असं बराच वेळ काही नाही.

घरी आलो आणि शेतातली उत्तम काळी माती पेटीत घातली. वर कुजलेलं शेणखत. तुळशीला चालतं, तर ह्यांना का नाही? मग विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळून ओतलं, कारण आमच्या घरात न गाळलेलं पाणी कशालाच वापरत नाहीत. तिसऱ्या दिवशी ओसरीवर कुणी बसेना. पाणी काळं आणि वास गोठ्याचा.

भोई माल पोचवायला गावात आला होता. त्यानं डोकावून पाहिलं. "ह्यात म्हशीला आंगुळ घालायची व्हती का?"

"माती चांगली आहे."

"जवारीला चांगली. नदीची वाळू आणा, राव, धुवून. आन् पाणी गाळून कशाला घातलंत? त्यात जे बारीक किडं असत्यात, त्येच मासं खात्यात. ताट घासून पावण्याम्होरं ठेवल्यागत झालं."

गाळायचं नाही, हे घरात पटवायला दोन दिवस लागले. शेवटी बापूजी म्हणाले, "नदीचं पाणी नदीच्या जीवांसाठी. आपण ते प्यायचं नाही." वाळू आली, नदीचं न गाळलेलं पाणी आलं. झाडं वर तरंगायला लागली म्हणून प्रत्येकाच्या बुडाला सुताने एकेक गोटा बांधला. आठवडाभरात त्यांनी वाळू धरली. पंधरवड्यात दोऱ्यासारख्या रोपांचं असं रान माजलं, की कोपऱ्यात पलीकडचं दिसेना. सकाळचं ऊन आत आलं की पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे धरायचे. मी दुकान सोडून तिथे उकिडवा बसायला लागलो.

आता मासे. भोयानं घमेल्यात काही धरून ठेवले होते: बोटभर, चांदीच्या रंगाचे, शेपटीपाशी एक काळा ठिपका. मला ते अगदीच साधे वाटले. मुंबईचे लाल मासे डोळ्यांपुढे होते ना! तेवढ्यात डोहाच्या काठाशी, गवताच्या सावलीत, मला एक झुबका दिसला. कुंकू सांडावं तशी लालभडक इवलीशी पिलं, सगळी एकत्र खालीवर होत होती.

"हे! हेच हवेत."

भोयानं डोकं खाजवलं. "ते नका घेऊ, शेट."

आता माझी अडचण समजून घ्या. मी व्यापाऱ्याचा मुलगा. 'हा माल नका घेऊ' असं कुणी म्हणालं, की तो चांगला माल त्याला दुसऱ्या कुणासाठी ठेवायचा आहे, हे मी पाळण्यापासून ऐकत आलो. मी हसलो. "मला माल ओळखता येतो."

"आवो, पर ती..."

"सात दे."

"बरं," तो म्हणाला. "डोळं तुमचं, मासं तुमचं." लाल सात त्यानं दिले आणि घमेल्यातले ते साधे बारा वरताळा म्हणून, फुकट, माझ्या हंड्यात ओतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूजींची गादी पेटीजवळ टाकली. त्यांनी मोहरीएवढी गोळी टाकली. साधा मासा वर आला, गोळी घेतली, गेला. मग दुसरा. बापूजींच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी काहीतरी हललं. सूर्य कौलांवर यायच्या आत ते ताटावर बसले आणि दोन फुलके खाऊन तिसरा मागितला. माझी बायको स्वयंपाकघरात पदराआड रडत होती, आणि मी बाजारात जाऊन उगाचच भेटेल त्याला पेटीबद्दल सांगत सुटलो.

लोक यायला लागले. मंचरहून, अवसरीहून पाहुणे आले. मी लाल माशांसमोर उभा राहून माझ्या नजरेची तारीफ करायचो. श्रावणात लाल रंग फिका पडला आणि पिलं मातकट, लांबोडकी झाली. एक पाहुणा म्हणाला, "शेट, कच्चा रंग दिला तुमाला." मी म्हणालो, हवापाण्यानं होतं.

बापूजी रोज मासे मोजायचे. एके दिवशी म्हणाले, "अठरा." आम्ही झाडांत शोधलं, जमिनीवर शोधलं. मांजरावर आळ घेतला, मांजराचा दोष तो आपला नव्हे असं मी बापूजींना पटवलं आणि जाळीचं झाकण केलं. चार दिवसांनी सोळा. पण मेलेला मासा कुठे सापडेना, त्यामुळे जीव आपल्यामुळे गेला असंही म्हणता येईना. बापूजी नियमाची गोळी घालायचे, पण स्वतःच्या ताटातला घास अर्धाच उचलायचे.

माझी बायको सासऱ्यांशी बोलत नसे. आमच्यात सून घुंगट घेऊन मुकीच असते. काही सांगायचं असेल तर ती भांड्यांना सांगायची, भिंतीला सांगायची. त्या दिवशी ओसरी सारवता सारवता ती पेटीला म्हणाली, "कणकेला तोंड न लावता जो जाड होतो, तो खातो काय, हे ज्याचं दुकान आहे त्यानं ओळखायला हवं होतं."

मी पेटीपाशी बसून पाहिलं. खरंच. ते सात जण गोळीकडे ढुंकूनही बघत नव्हते. पण सगळ्यांत जाड तेच होते.

मी धावतच शिनोली गाठली. भोई जाळं शिवत होता. ऐकून त्यानं सुई खाली ठेवली. "मरळ हाय ती, शेट. ल्हान असताना लाल, मोठी झाली की बेडकं बी गिळती. आई-बा राखत बसत्यात, म्हणून झुबका व्हता. मी सांगत व्हतो, तर तुमी म्हनला माल वळखतो."

"जोरात सांगायचं होतंस!"

"शेटला जोरात कोन सांगल?"

पर्युषण आठ दिवसांवर आलं होतं. वर्षातले आमचे सगळ्यांत पवित्र दिवस, आणि घरात माझ्या हौसेनं आणलेला खाटीक. वाटभर मी निरनिराळी खोटी उत्तरं जुळवली. दिवेलागणीला ओसरीवर आलो तर बापूजी पेटीसमोर बसलेले, तीन दिवसांपासून नीट न जेवलेले. एकही खोटं तोंडातून बाहेर येईना.

"बापूजी, मीच आणले. त्यानं नको म्हटलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. "उद्या सकाळी गाडी जुंप."

सकाळी मी हंडा आणि फडकं घेऊन बसलो. सातही मरळ पकडल्या. नऊ साधे मासे राहिले होते, ते धरायला झाडांच्या रानात हात घातला आणि बायको पेटीला ओरडून म्हणाली, "थांबा! हात काढा!"

तिनं बोट दाखवलं. दोऱ्यासारख्या पानांच्या दाटीत, सुईच्या टोकाएवढी, पाण्याहून जरा गडद अशी काहीतरी हालत होती. डोळे सरावले तसे ठिपके वाढत गेले. पिलं होती. साध्या माशांनी त्या रानात अंडी घातली होती, आणि मरळीचं डोकं जिथं शिरत नव्हतं तिथं ती वाढली होती.

बापूजींना आम्ही गादीसकट पुढे सरकवलं. त्यांनी नाक काचेला लावलं. मोजायला सुरुवात केली, वीसपर्यंत गेले, चुकले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकले.

"ही कशी नेणार?" ते म्हणाले.

"नेता येणार नाहीत. फडक्यालाच चिकटून मरतील."

बापूजींनी कणकेची एक गोळी घेतली, अंगठ्यावर चोळून चोळून तिची धूळ केली आणि ती चिमूट झाडांच्या वर सोडली. रानातून ठिपके वर आले.

"गाडी सोड," ते म्हणाले. "तेवढे सात मात्र तू पायी जाऊन सोडून ये. हंडा डोक्यावर घेऊन."

मी गेलो. डोक्यावर हंडा, अंगरखा ओला, वाटेवर सगळे बघत असलेले. आणि खरं सांगतो, एवढा ताठ मी पूर्वी कधी चाललो नव्हतो. परत आलो तेव्हा अवसरीचा एक व्यापारी ओसरीवर बसला होता, शेजारी बापूजी ताटावर, त्यांचा चौथा फुलका संपत आलेला.

"नजर आहे हं तुमच्या मुलाला," व्यापारी म्हणत होता. "काय सुंदर मासे निवडलेत!"

"मासे भोयानं दिले," बापूजी घास गिळून म्हणाले. "झाडं मात्र ह्यानं निवडली." आणि त्यांनी सुनेच्या दिशेनं रिकामी वाटी पुढे केली.