मशीनने लावलेली हजेरी

वळ गावातल्या त्या गोदामातली चोरी मी विसरू शकलेले नाही. पोलीस सेवेतून मी लवकर बाहेर पडले, तरी तो तपास मनातून गेला नाही.

सकाळी गोदामाच्या व्यवस्थापकाने फिर्याद दिली, की आदल्या संध्याकाळी मोबाइलचे खोके गेले. आतल्या खोलीची चावी एका कामगाराकडे असायची. हजेरीच्या मशीनमध्ये त्या शिफ्टला तो हजर होता. आम्ही त्याला दिघाशीतून, त्याच्या गावातून, बहिणीच्या लग्नाच्या मांडवातून उचललं.

“मी कामावर न्हवतोच, मॅडम. काल हलद होती. अख्ख्या गावाला विचारा.”

“गाव म्हणजे तुझे नातेवाईकच ना?”

“मंग हलदीला परके बोलवायचे का?”

हवालदार हसले, मी नाही. नातेवाईक खोटं बोलतात, मशीनला कोणी नातेवाईक नसतो, असं मी धरून चालले होते. रिमांड रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘आरोपी घटनास्थळी हजर असल्याचे निष्पन्न’. कोर्टाने पोलीस कोठडी दिली. लग्न त्याच्याशिवाय लागलं.

चार दिवस तो एकच उत्तर देत राहिला. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो. याने एक शब्द बदलला नाही. म्हणून त्या शिफ्टला हजर दिसणाऱ्या सगळ्यांचे जबाब घ्यायला मी गोदामात गेले. यादी वाचताना एका बाईच्या नावावर वॉचमनने अडवलं.

“इनको कहाँ से लाऊँ, मॅडम? ये तो उस दिन अस्पताल में थी. एक दिन पहले तक काम पे आयी, फिर लडका हुआ.”

रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये तिची नोंद होती. मशीनमध्येही ती हजर होती.

मशीनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याला पोलीस ठाण्यात बोलावलं. नेटवर्क गेलं की सॉफ्टवेअर आदल्या दिवसाची हजेरी पुन्हा टाकतं आणि त्या दिवशीही तेच झालं, हे त्याने सहज सांगितलं.

“मग ग्राहकांना कळवलं का नाही?”

“पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करणारच होतो, मॅडम.”

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे कंपनीचे ई-मेल मीच वाचून काढले. दुसऱ्या एका गोदामाने कित्येक महिन्यांपूर्वी हीच तक्रार केली होती. वरिष्ठांचं उत्तर होतं, इतरांना सांगू नका, ग्राहक तुटतील.

सुटकेचा अहवाल मी त्याच दिवशी कोर्टात पाठवला. सुटून जाताना त्या कामगाराने विचारलं, “त्यांना ठावं होतं ना, मॅडम? मंग आत मीच का?”



खरा चोर पुढे सापडला, तो भलताच निघाला. कंपनीवर गुन्हा नोंदवण्याचा माझा प्रस्ताव मात्र ‘तांत्रिक बाब’ असा शेरा घेऊन परत आला. कंपनीने दोष लपवला हे खरंच. पण त्या मशीनची नोंद पुरावा म्हणून कोर्टापुढे मी नेली होती. त्यानंतर मशीनची कुठलीही नोंद आली, की ते मशीन कोणी बनवलं आणि त्याच्याविरुद्ध आधी कोणाची तक्रार होती का, हे मी सगळ्यात पहिलं विचारू लागले.

त्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायला भाऊ नव्हता. चुलत भावाला पुढे केलं, तर नवरीनेच नको म्हटलं. तो मान परत देणारं कलम मला कुठल्याच कायद्यात सापडलं नाही.